पोलर रिसर्चमध्ये यायचंय? नकाशा बघून याल, पण तारीख चिखलात असते

'पोलरमध्ये काम करते' म्हटलं की समोरच्याला आधी पेंग्विन दिसतो. मी आर्क्टिकच्या बाजूला असते, तिथे पेंग्विन नसतात, आणि खरं सांगायचं तर माझ्या कामात बर्फही फारसा नसतो. जो बर्फ होता तो जाऊन हजारो वर्षं झाली, त्याने जाताना समुद्राच्या तळावर जे ओरखडे काढले आणि जो गाळ टाकला त्यावर आमचं पोट चालतं. हल्ली बरेच जण मेसेज करून विचारतात की यात कसं यायचं, काय शिकायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी पुण्यात जिऑलॉजी शिकले. म्हणजे बेसॉल्ट, बेसॉल्ट, आणि त्यावर बसून चहा. हिमनदीचा चॅप्टर परीक्षेपुरता पाठ केला होता, 'यू' आकाराच्या दरीची आकृती काढली की चार मार्क. नंतर थोडे दिवस गोव्यात वास्कोला एनसीपीओआरमध्ये, म्हणजे आपल्या ध्रुवीय संशोधन संस्थेत, काम केलं आणि तिथे पहिल्यांदा कोर, म्हणजे तळातून काढलेला गाळाचा उभा नमुना, बघितला, तेव्हा कळलं की अंटार्क्टिकाला न जातासुद्धा अंटार्क्टिकावर काम करता येतं. मग पीएचडीला उत्तर नॉर्वे, आणि विषय बॅरेंट्स समुद्र.

बॅरेंट्सच का, ते सांगते. नॉर्वेचं उत्तर टोक आणि स्वालबार्ड बेटं यांच्या मधला हा समुद्र तसा उथळ, सरासरी साधारण २३० मीटर. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी तो बर्फाने पूर्ण भरलेला होता, आणि तो बर्फ तरंगत नव्हता, बूड थेट समुद्रतळावर टेकवून बसला होता. आज पश्चिम अंटार्क्टिका अशीच बसलीये. म्हणून बॅरेंट्सचा बर्फ कुठून सुटायला लागला, किती वेगाने मागे सरला, मध्ये कुठे थांबला, हे कळलं तर तिकडे काय होऊ शकतं याचा थोडा अंदाज येतो. तिकडे बर्फ अजून वरच बसलाय त्यामुळे खालचं बघणं महाकठीण, इकडे झाकण निघालंय.

आता नकाशा. जहाजाच्या बुडाला मल्टीबीम एकोसाउंडर असतो, तो पंख्यासारखे शेकडो बीम खाली सोडतो, आवाज तळाला आपटून परत येतो, लागलेला वेळ आणि पाण्यातला आवाजाचा वेग (सेकंदाला साधारण १५०० मीटर) यावरून खोली निघते. ऐकायला सोपं. पण तो वेग तापमान आणि खारटपणाप्रमाणे बदलतो, म्हणून मधूनमधून प्रोब सोडून तो मोजायचा असतो. वेगाचं जुनंच मोजमाप लावून ठेवलं की सपाट तळ दोन्ही कडांना वर वळतो नाहीतर खाली पडतो, म्हणजे समुद्र तुमच्याकडे बघून हसतो किंवा तोंड पाडून बसतो. नव्या माणसाच्या शिफ्टमध्ये तो हमखास हसतो.

पण डेटा नीट असला तर काय दिसतं! बेअर आयलंड ट्रफ म्हणून एक मोठा रुंद खोलगट पट्टा आहे, त्याच्या तळाशी शेतात सऱ्या पाडाव्यात तशा समांतर रेघा, काही मीटर उंच आणि कित्येक किलोमीटर लांब. यांना मेगा-स्केल ग्लेशियल लिनिएशन्स म्हणतात, हे नाव १९९३ मध्ये क्रिस क्लार्क यांनी दिलं, तेही कॅनडातली जमीन सॅटेलाइटवरून बघून. या दिसल्या की समजायचं इथून बर्फ जोरात वाहत होता. मध्येच आडवी पसरट पाचर दिसली तर बर्फाची कड तिथे बराच काळ थांबली असणार, गाळ साठायला वेळ मिळाला म्हणून. आणि कशाही वेड्यावाकड्या एकमेकांना छेदणाऱ्या चऱ्या म्हणजे सुटून तरंगत गेलेल्या हिमनगांची बुडं तळाला घासलेली, बैल उधळल्यावर नांगर कसा फिरेल तसं.

अजून एक बारीक प्रकार आहे, आणि माझी फजिती त्यातच झाली. बर्फाची कड भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते आणि दर वेळी खालचा मऊ गाळ दाबून एक छोटासा वरंबा तयार करते, एका भरतीला एक. त्यांच्यातलं अंतर मोजलं की बर्फ दिवसाला किती मागे सरला ते थेट मिळतं. २०२२ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीपुढचे असे १६० च्या वर वरंबे छापून आले, मीटरभरही उंच नाहीत, रान नावाच्या पाण्याखालच्या रोबोने तळाजवळून जाऊन टिपलेले, आणि त्यावरून वेग निघाला वर्षाला २.१ किलोमीटरपेक्षा जास्त. २०२३ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याबाहेरच्या वरंब्यांवरून तर दिवसाला ५५ ते ६१० मीटर आला. दिवसाला!

तर माझ्या दुसऱ्याच क्रूझवर, म्हणजे संशोधन जहाजाच्या सफरीवर, पहाटे तीनच्या शिफ्टला, स्क्रीनवर मला असेच वरंबे दिसले. एकसारखे, समांतर, मीटर-दीड मीटरचे. मी मनातल्या मनात पेपरचं टायटलसुद्धा ठरवून मोकळी. सकाळी गाइडला उठवूनच दाखवलं. तिने कॉफीचा घोट घेतला आणि एवढंच विचारलं, जहाज कुठल्या दिशेला चाललं होतं? वरंबे बरोब्बर जहाजाच्या वाटेला काटकोनात होते. मग आम्ही त्याच तुकड्यावरून आडवी एक लाइन मारली, तर वरंबेही जहाजाबरोबर वळले. वीस हजार वर्षांपूर्वीचा बर्फ माझ्या जहाजाबरोबर वळणार कसा? तो लाटांचा हेलकावा होता, नीट करेक्ट न झालेला. तेव्हापासून आडवी लाइन मारल्याशिवाय मी कुठल्याच वरंब्याला नाव ठेवत नाही, आणि शेजारच्या दोन लाइन्सच्या सांध्यावर आकार तुटतोय का हे आधी बघते.

नकाशा बघून सगळेच या विषयाच्या प्रेमात पडतात, मीही पडले. पण नकाशावर तारीख नसते. या रेघा कधीच्या, हे विचारायला चिखलाकडेच जावं लागतं आणि तिथे बरेच जण गळतात.

ग्रॅव्हिटी कोर म्हणजे डोक्यावर भलंमोठं वजन बसवलेला लोखंडी पाइप, आत प्लास्टिकचा लायनर, वरून सोडायचा, स्वतःच्या वजनाने तळात घुसतो. वर आला की मीटर-मीटरचे तुकडे कापायचे, टोप्या लावायच्या आणि वरची बाजू कुठली त्याचा बाण लगेच, म्हणजे लगेच, काढायचा. थंडीत बोटं बधिर असतात, कोणीतरी 'नंतर काढू' म्हणतं. नंतर काही होत नाही. आमच्या एका तुकड्याची बाजू अशीच बदलली आणि तो गोंधळ निस्तरायला आठवडा गेला.

लॅबमध्ये कोर उभा चिरून उघडला की साधारण गोष्ट अशी दिसते. सगळ्यात खाली टिल, म्हणजे बर्फाने टाकलेला करडा, दगडगोटे मिसळलेला गाळ. बर्फाखाली दाबला गेलेला असेल तर इतका घट्ट की अंगठा रुतत नाही, आणि कधीकधी पाइपच वाकून वर येतो, मग डेकवर सगळे केळं म्हणून हसतात. त्याच्या वर पातळ पातळ थरांचा चिखल, मध्येच एखादा खडा. तो खडा हिमनगातून सुटून पडलेला, म्हणजे बर्फाची कड अजून जवळपास होती. आणि सगळ्यात वर मऊ, हिरवट-तपकिरी, किड्यांनी उकरलेला आजच्या समुद्राचा गाळ. मीटर-दोन मीटरमध्ये आख्खा हिमयुगाचा शेवट.

टिलच्या लगेच वरच्या थरात फोरॅम सापडले तर त्यांचं रेडिओकार्बन डेटिंग होतं. फोरॅम म्हणजे वाळूच्या कणाएवढे चुनखडी कवचाचे जीव. चिखल ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, काळ्या ट्रेवर पसरायचा आणि मायक्रोस्कोपखाली ओल्या बारीक ब्रशच्या टोकाने एकेक उचलायचा. एक तारीख काढायला शेकडो लागतात. तांदूळ निवडल्यासारखंच आहे, फक्त तांदूळ दिसतो. चौथ्या दिवशी मला शिंक आली आणि अर्धा ट्रे टेबलावर गेला, त्यामुळे सर्दी असेल त्या दिवशी दुसरं काम काढा. एक लक्षात ठेवा, आलेली तारीख म्हणजे बर्फ 'निदान तेव्हापर्यंत तरी' गेलेला होता इतकंच, त्या दिवशी गेला असं नाही. शिवाय समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, ते वय वजा करावं लागतं, साधारण काही शे वर्षं, आणि अंटार्क्टिकाजवळ हजाराच्या वर. त्यात अंटार्क्टिकाच्या गाळात फोरॅम दुर्मीळ, त्यामुळे तिकडच्या मित्रांचं दुःख वेगळंच.

तयारीचं सांगायचं तर जिऑलॉजीची एमएस्सी चालते, फिजिक्सवालेही येतात. पायथन आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) आत्ताच शिका, मल्टीबीम डेटासाठी एमबी-सिस्टम हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आर्क्टिकच्या तळाचा आयबीसीएओ आणि अंटार्क्टिकच्या बाजूचा आयबीसीएसओ हे खोलीचे ग्रिड कोणालाही उतरवून घेता येतात, पॅन्जिया नावाच्या डेटाबेसवर कोरचा डेटा मोकळा पडलाय. एखादा ट्रफ निवडून त्यावर चार पानं स्वतः लिहिली असतील तर अर्जात त्याचं वजन मार्कशीटपेक्षा जास्त पडतं, असा माझा अनुभव. नॉर्वेत पीएचडी ही पगारी नोकरी असते, जाहिरात निघते, रीतसर अर्ज करायचा. एजंटला पैसे देऊ नका.

बोट लागते का, हाही प्रश्न असतोच. लागते. मला प्रत्येक क्रूझला पहिले दोन दिवस लागते, गोळी निघायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. मी मेतकूट नेते, गॅलीतला (जहाजाच्या स्वयंपाकघरातला) भात आणि मेतकूट यावर दोन दिवस निघतात, मग माणूस परत माणसात येतो.

आणि हो, टिल हाताने बघायला नॉर्वेला यायची गरज नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात इरईला तालचीर नावाच्या खडकथरांतला हिमनदीचा गाळ आहे, सुमारे ३० कोटी वर्षं जुना, आणि त्याच्याखाली पेनगंगा चुनखडकावर बर्फाने काढलेले ओरखडे. पुण्यात पाच वर्षं जिऑलॉजी शिकून मी ते नॉर्वेहून सुट्टीवर आले तेव्हा पहिल्यांदा बघितले. ओळखीच्या एखाद्या जिऑलॉजीवाल्याला बरोबर घेऊन जा, फक्त मे महिन्यात नको, चंद्रपूर आहे ते.