मांजराचा कान खाजतोय? दवाखान्यात नेण्याआधी पुसू नका

मांजर सारखं कान खाजवतं, डोकं झटकतं, आणि आपण लगेच कापूस घेऊन बसतो. गोव्याच्या दमट पावसाळ्यात कान कोरडा ठेवावासा वाटणं साहजिक आहे, पण डॉक्टरांना तपासायला कानातला मळच हवा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते खाज माइट्समुळे (कानात राहणारे बारीक किडे), यीस्टमुळे (एक प्रकारची बुरशी) की बॅक्टेरियामुळे हे ठरवतात, आणि औषध त्याप्रमाणे बदलतं.

१. उजेडात कानाची पाळी हळूच मागे करून फोटो काढा. कॉफीच्या चुऱ्यासारखा काळपट मळ दिसला तर बहुधा माइट्स असतात.
२. खाजवतानाचा व्हिडिओ घ्या. कारण डॉक्टरांच्या टेबलावर मांजर गप्प बसून राहतं.
३. घरातली इतर मांजरं, कुत्राही दाखवा. माइट्स एकमेकांना लागतात.
४. माइट्सची अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला सुमारे ३ आठवडे लागतात. खाज थांबली तरी औषध मध्येच सोडू नका.

कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला कधीच लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर जीव जाऊ शकतो. डोकं एका बाजूला कललं किंवा चालताना तोल जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.