कार स्टिरिओ चालू होतो पण आवाजच नाही? आधी हे बघा

डिस्प्ले लागतोय, गाणं पुढे सरकतंय पण आवाज शून्य, म्हणजे सेटला करंट येतोय हे नक्की, त्यामुळे मेन फ्यूजच्या मागे लागू नका. आधी म्यूट, मग फेडर (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये वाटणारी सेटिंग) आणि बॅलन्स (डाव्या-उजव्यांमध्ये वाटणारी) बघा, कुणीतरी फेडर पूर्ण मागे नेलेला असतो आणि मागे स्पीकरच नसतात, असं खूप वेळा होतं. रेडिओ लावून बघा, त्याचा आवाज आला तर गडबड फोनची किंवा ब्लूटूथची.

वेगळा अँप्लिफायर असेल तर त्याचा फ्यूज बघा, आणि सेटमधून येणारी निळी-पांढरी रिमोट वायर (अँप्लिफायरला चालू व्हायचा इशारा देणारी) मल्टिमीटरने तपासा, सेट चालू असताना तिच्यावर १२ व्होल्टच्या आसपास यायला हवेत, नाही आले तर अँप्लिफायर उठतच नाही.

अँप्लिफायर नसेल तर खरा संशय स्पीकरच्या वायरींवर. एक जरी वायर सोलून गाडीच्या धातूच्या बॉडीला टेकली तरी बरेच सेट स्वतःला वाचवायला सगळेच स्पीकर बंद करतात, म्हणून चारही स्पीकर गेले असं समजून नवीन आणू नका प्लीज! सेट बंद करून सगळ्या स्पीकर वायरी काढा, एकेक जोडी लावून बघा, जी लावल्यावर आवाज जातो तीच खराब. दाराच्या बिजागरीपाशी वायर जास्त तुटते, तिथे नीट बघा. सुट्ट्या स्पीकरला मीटर लावला की ४ ओहमवाल्याला साधारण ३ ते ४ दाखवतो, काहीच नाही दाखवलं तर कॉइल (स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी) गेली. आणि स्पीकरची मायनस वायर बॉडीला कधीच जोडू नका, सेट जळू शकतो.