निटिनॉलचं फीडस्टॉक साच्यात नीट वाहेल का, हे कसं तपासावं

फीडस्टॉक म्हणजे धातूची पावडर आणि तिला धरून ठेवणारं मेणासारखं बाइंडर यांचं मिश्रण; ते गरम करून साच्यात दाबतात आणि भाग घडवतात. ते वाहत नाही म्हटलं की आमच्या लॅबमधली मुलं आधी तापमान वाढवायला बघतात, नाहीतर मेण. स्टीलच्या पावडरीत हे बऱ्याचदा खपून जातं, निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूत नाही. बाइंडरमधला कार्बन आणि हवेतला ऑक्सिजन टायटॅनियमला धरून बसतात, उरलेल्या धातूत निकेलचा वाटा वाढतो. निकेल जास्त असलेल्या मिश्रधातूत तो ०.१ अणुटक्क्याने वाढला, तरी रूपांतराचं (स्फटिकरचना बदलण्याचं) तापमान साधारण १० अंशांनी उतरतं. मूळ आकारात परत येण्याची स्मृतीच बिघडली, तर भाग सुबक येऊन उपयोग काय?

म्हणून सुरुवात वजनकाट्यापासून करा. पावडर गॅस-अ‍ॅटमाइज्ड (वितळलेला धातू वायूच्या झोताने फोडून केलेली), गोल कणांची घ्या. निटिनॉलची घनता ६.४५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, मेण-पॉलिथिलीन-स्टिअरिक आम्लाच्या बाइंडरची साधारण ०.९२. आकारमानाने ६२ टक्के पावडर हवी, तर १ किलोत सुमारे ९२० ग्रॅम पावडर आणि ८० ग्रॅम बाइंडर लागतं. पावडर एका टक्क्याने कमी करायची, तर बाइंडर जेमतेम ३ ग्रॅमने वाढतं. इथे अंदाजपंचे चालत नाही. ही बारीक पावडर पेट घेऊ शकते, शक्यतो आर्गॉनमध्येच हाताळा.

मिक्सरचा टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) बघत पावडर थोडी थोडी घाला. प्रत्येक वेळी टॉर्क उसळतो, मग खाली येऊन स्थिरावतो. तो स्थिरावायचं नावच घेत नसेल, तर पावडर जास्त झाली. एक पायरी मागे या.

आता कॅपिलरी रिओमीटर, म्हणजे मिश्रण बारीक छिद्रातून दाबून त्याची स्निग्धता (वाहण्याला होणारा विरोध) मोजणारं यंत्र. १ मिलिमीटर छिद्राची डाय, तापमानं १४०, १५० आणि १६० अंश, शिअर रेट (मिश्रणाचे थर एकमेकांवरून सरकण्याचा दर) १०० ते ५,००० प्रतिसेकंद. मी स्निग्धतेच्या आकड्याआधी दाबाची रेषा बघते. वेग तोच असताना रेषा दातेरी झाली, तर बाइंडर पुढे पळतंय आणि पावडर मागे अडतेय. बाहेर आलेली दोरी मोडून पाहा: मोड सगळीकडे सारखा, करडा दिसला पाहिजे, मेणाचा चकचकीत पट्टा नको. शेवटी पहिला वेग पुन्हा लावा. स्निग्धता पहिल्याइतकी आली नाही, तर मधले आकडे आलेखात घालू नका. ही पायरी सगळे गाळतात, आणि मला त्याचाच राग येतो.

स्निग्धता विरुद्ध शिअर रेट या लॉग-लॉग आलेखाचा उतार म्हणजे n वजा १; n हा प्रवाहाचा घातांक. n एकाहून कमी हवा, म्हणजे वेग वाढला की मिश्रण पातळ होतं. एकाच्या वर गेला, तर पावडर आणि बाइंडर वेगळे होत असल्याची शंका घ्या. मग तिन्ही तापमानांच्या रेषा शेजारी ठेवा. त्या फार लांब पडल्या, तर साच्यात जरा गारवा लागताच प्रवाह अडेल. अशा वेळी बाइंडरची घडण बदला. जवळ असतील, तर इंजेक्शनच्या वेगाला स्निग्धता १,००० पास्कल-सेकंदांच्या खाली राहते असं सर्वांत कमी तापमान निवडा आणि मशीनच्या नोझलला तेच लावा.