गोंगाटाच्या वॉर्डात बीपी घेताना

वॉर्डातल्या गोंगाटात स्टेथोस्कोपमधून काहीच ऐकू येत नाही, मग नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं अंदाजाने १२०/८० लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा आधी बोटांनी बीपी घ्या.

१. पेशंटचा हात हृदयाच्या पातळीवर उशीवर टेकवा. कफ (बीपी मशीनचा फुगणारा पट्टा) कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर बांधा.
२. मनगटाची नाडी धरून कफ फुगवा. नाडी लागेनाशी झाली तो आकडा लक्षात ठेवा. वरचं बीपी साधारण तिथेच असतं.
३. हवा पूर्ण सोडून मिनिटभर थांबा.
४. आता स्टेथोस्कोप लावा, त्या आकड्याच्या ३० वर फुगवा आणि सेकंदाला २-३ मिमी इतकी हळू हवा सोडा. या वेळी दोघंही गप्प, आजींना कितीही गप्पा मारायच्या असल्या तरी!

आवाज कुठे सुरू होणार हे ठाऊक असल्याने कान तिथेच लागतो, हातही थरथरत नाही. स्टेथोस्कोपची टोकं कानात नाकाच्या दिशेने वळलेली हवीत. उलटी घातली की आवाज दबतो, आणि दोष उगाच पेशंटच्या हाताला.

डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हातावर मात्र कफ बांधायचा नाही, आधी विचारून घ्या.