घरी नाताळचं कार्ड करताय? पाकीट आधी आणा, आणि या चुका टाळा

डिसेंबर लागला की कोल्हापुरात महाद्वार रोड आणि राजारामपुरीतल्या स्टेशनरीच्या दुकानांत लाल-हिरव्या कार्डशीटला मागणी येते. कुणाच्या शाळेत कार्ड करून आणायला सांगितलेलं असतं. कुणाच्या शेजारी वायल्डर मेमोरियल चर्चला जाणारं कुटुंब असतं; दिवाळीला आपला फराळ तिकडं गेलेला असतो, आता त्यांच्याकडून केक यायचा असतो, तर निदान एक कार्ड तरी हातानं केलेलं द्यावं असं वाटतं. मग रात्री जेवणं झाल्यावर पसारा मांडला जातो आणि तासाभरात कुरकुर सुरू होते. कार्ड वाकलं, घडीवर फुटलं, पाकिटात जात नाही. चित्र बिघडल्याची तक्रार त्या मानानं कमी ऐकू येते. नडतात ती मापं, कागद आणि गोंद.

पाकीट शेवटी आणणं

सगळं झाल्यावर पाकीट शोधायला निघालात, तर त्या मापाचं पाकीट मिळेलच असं नाही. म्हणून पाकीट आधी. ए-फोर शीट 210 बाय 297 मिलिमीटरची असते. ती अर्धी कापून दुमडली की 105 बाय 148 मिलिमीटरचं कार्ड होतं, आणि 114 बाय 162 मिलिमीटरच्या पाकिटात ते आरामात बसतं. दुकानात ‘साधारण साडेचार बाय साडेसहा इंची’ म्हटलं तरी कळतं. तेही नाही मिळालं तर घरातलं एखादं जुनं पाकीट चिकटवलेल्या जागी उकलून उलगडा, ब्राउन पेपरवर ठेवून आखा आणि कापा.

घडीवर कागद फुटणं

सगळ्यात जास्त कार्डं इथं वाया जातात. प्रत्येक कागदात तंतूंची एक दिशा असते. शीट हातात धरून आधी उभी, मग आडवी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूनं ती सहज वाकते, त्याच बाजूनं घडी घाला. उलट्या दिशेनं घातलेली घडी खरबरीत होते, आणि गडद रंगाचा कागद असेल तर आतला पांढरा पोत दिसायला लागतो.

दुसरं म्हणजे थेट बोटानं दाबून घडी घालू नका. स्टीलची पट्टी ठेवून, शाई संपलेल्या रिफिलनं एक दाबून रेघ ओढा, मगच दुमडा. कार्डशीट 200 ते 250 जीएसएमची (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरे. 120 ची घेतलीत तर कार्ड टेबलावर उभं राहत नाही, आणि 300 च्या पुढं गेलात तर घडी आणि टपाल दोन्ही महागात पडतात.

एवढं करूनही घडी जमत नसेल तर घालूच नका. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतलेलं कार्ड पहिलं छापील नाताळ कार्ड मानलं जातं. ते एकाच सपाट तुकड्याचं होतं. वर ‘कुणाला’ आणि खाली ‘कुणाकडून’ यासाठी मोकळी जागा, बस्स.

फेव्हिकॉलचा सढळ हात

कागद एका बाजूनं ओला झाला की तंतू फुगतात आणि वाळताना आवळतात, म्हणून कार्ड पापडासारखं वळतं. मोठ्या तुकड्यांना ग्लू स्टिक किंवा दोन्हीकडून चिकटणारी टेप वापरा. फेव्हिकॉलच लावायचा असेल तर बशीत घ्या, बोटावर थोडा आणि तोही फक्त कडांना. वर कोरा कागद ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा. कार्ड आधीच वळलं असेल तर उलट्या बाजूलाही तशाच जाडीचा कागद चिकटवून दाबा. दोन्हीकडून ओढ सारखी झाली की ते सरळ होतं. पाण्यानं पुसटणारी स्केचपेन वापरली असतील तर त्या रेघांवर ओला गोंद अजिबात नको.

जुन्या लग्नपत्रिका

लग्नसराईतल्या पत्रिका घरोघरी साठलेल्या असतात आणि त्यांचा सोनेरी कागद चांदणीसाठी झकास दिसतो. दोनच गोष्टी सांभाळा. गुळगुळीत थराच्या कागदावर गोंद धरत नाही आणि जेल पेनची शाई पसरते, म्हणून तिथं टेप वापरा आणि मजकूर दुसऱ्या साध्या कागदावर लिहून चिकटवा. आणि कात्री लावण्याआधी पत्रिका उलटून बघा. चांदणीच्या मागं गणपतीची अर्धी सोंड निघाली तर घरात आजी ऐकवेल, ते वेगळंच.

उघडताच उभं राहणारं झाड

मुलांना हे हमखास करायचं असतं आणि फसतंही हेच. कृती अशी: कार्ड दुमडलेलं असताना घडीच्या बाजूनं, मध्ये दीड-दोन सेंटीमीटर सोडून, सारख्या लांबीचे दोन काप द्यायचे आणि मधली पट्टी आत ढकलायची. कार्ड काटकोनात उघडल्यावर एक ठोकळा उभा राहतो. झाड त्याच्या पुढच्या तोंडावर चिकटवायचं, बुंधा खालच्या पानाला टेकलेला.

झाड तिरपं उभं राहिलं तर काप कमी-जास्त झालेत असं समजा. मोजून पेन्सिलची रेघ मारल्याशिवाय कात्री उचलूच नये.

कार्ड मिटल्यावर झाडाचा शेंडा बाहेर डोकावत असेल तर हिशेब चुकला. कापाची लांबी आणि झाडाची उंची मिळून एका पानाच्या उंचीपेक्षा कमी भरली पाहिजे. पान साडेदहा सेंटीमीटरचं आणि काप 3 सेंटीमीटरचा असेल तर झाड जास्तीत जास्त 7 सेंटीमीटर. काप मात्र पानाच्या निम्म्याच्या आतच ठेवा, नाहीतर ठोकळाच बाहेर येईल.

झाड उठतच नसेल तर गोंद पसरून झाड पानाला चिकटलं असणार. ठोकळ्याला टेकतं तेवढ्याच भागाला गोंद लावा. आणि बाहेरून दिसणारं भोक झाकायला हे सगळं दुसऱ्या दुमडलेल्या कार्डशीटच्या आत बसवायचं, तेव्हाही ठोकळ्याच्या मागं गोंद नको. आतला मजकूर झाड लावण्याआधीच लिहून टाका. नंतर हात आत शिरत नाही.

मजकूर आणि सजावट

आधी पेन्सिलनं पूर्ण ओळ आखून बघा, नाहीतर ‘नाताळच्या हार्दिक’ मोठ्या झोकात येतं आणि ‘शुभेच्छा’ कोपऱ्यात चिरडतं. वर वेलांट्यांना जागा सोडा. चर्चला जाणाऱ्या घरी द्यायचं असेल तर सांताक्लॉजपेक्षा गव्हाणीतलं बाळ किंवा तारा जास्त शोभतो असं मला वाटतं. कापसाचा बर्फ मात्र नको. तो निघून पाकीटभर होतो.

टपालानं पाठवणार असाल तर मणी, बटणं, जाड टिकल्या टाळा. पाकिटावर शिक्का मारताना त्या फुटतात नाहीतर पाकीट फाडतात. साध्या पत्राच्या वजनाचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा असतो. 250 जीएसएमची दोन कार्डं एकात एक बसवली की पंधरा-सोळा ग्रॅम होतात आणि पाकिटासकट ते विसाला टेकतं. त्यामुळं झाडवालं कार्ड पोस्टात वजन करूनच तिकीट लावा. शेजारी हातानं नेऊन द्यायचं असेल तर टिकल्या लावा की बिनधास्त.