स्क्रिप्टला रोज लॉगिन करायला लावू नका

वेबसाइटवरचं रोजचं काम स्क्रिप्टवर सोपवायचं ठरलं की बहुतेक जण तिच्या पहिल्या ओळींत लॉगिन घालतात: युजरनेम, पासवर्ड, बटण, मग पुढचं काम. मला हे पटत नाही. अख्ख्या साइटवर सगळ्यात कटकटीची जागा लॉगिनचीच. ओटीपी तिथे, कॅप्चा तिथे, आणि 'नवीन डिव्हाइसवरून लॉगिन झालं' असे मेलही तिथूनच सुटतात. दर तासाला नव्याने लॉगिन करणारं खातं साइटला संशयास्पद वाटलं, तर दोष साइटचा नाही. म्हणून मी कायम दोन स्क्रिप्ट ठेवते. एक फक्त लॉगिन करून सेशन, म्हणजे 'हा लॉगिन झालेला आहे' अशी साइटने धरलेली ओळख, फाइलमध्ये उतरवते, दुसरी ती फाइल उचलून काम करते.

मी प्लेराइट हे स्क्रिप्टने ब्राउझर चालवायचं साधन वापरते, त्यामुळे पुढची नावं त्यातली आहेत. सेलेनियम किंवा पपेटिअर असेल तरी हेच जमतं, फक्त कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) काढून पुन्हा घालण्याचं काम आपल्यालाच लिहावं लागतं.

लॉगिनची स्क्रिप्ट चालवताना ब्राउझर डोळ्यांसमोर उघडा, हेडलेस (खिडकी न दाखवता) नको. नवीन काँटेक्स्ट, म्हणजे ब्राउझरमधला स्वतंत्र कप्पा, घ्या. तो इन्कॉग्निटो खिडकीसारखा कोरा असतो, आधीचं काहीही त्यात येत नाही. लॉगिनचं पान उघडा आणि तिथून पुढे स्क्रिप्टने नुसती वाट बघायची. पासवर्ड, ओटीपी, जे काय असेल ते तुम्ही हाताने भरायचं. प्लेराइटची वाट बघण्याची मुळातली मुदत 30 सेकंदांची आहे आणि ओटीपी येईपर्यंत ती संपून जाते, म्हणून ती वाढवून ठेवा. लॉगिनचं बटण दाबल्याबरोबर फाइल लिहायची घाई करू नका. बऱ्याच साइट दोन-तीन रिडायरेक्ट (आपोआप दुसऱ्या पानावर पाठवणं) घेत जातात आणि वाटेत प्रत्येक टप्प्यावर कुकी टाकतात. आतलं पान पूर्ण आलं, त्यावर तुमचं नाव किंवा लॉगआउटचं बटण दिसलं, की मगच स्टोरेज-स्टेट, म्हणजे कुकी आणि साइटची साठवलेली माहिती, फाइलमध्ये उतरवा.

आता ती फाइल एकदा एडिटरमध्ये उघडून बघाच. साधी जेसन फाइल असते. वरच्या भागात कुकी, खाली प्रत्येक साइटचं लोकल स्टोरेज (साइटने ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती). एकेका कुकीत नाव, मूल्य (व्हॅल्यू), डोमेन, पाथ आणि मग 'एक्स्पायर्स' नावाचा आकडा सापडेल. तो 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत असतो. तिथे उणे 1 दिसलं तर ती ब्राउझर बंद होईपर्यंतच टिकणारी कुकी. तरी घाबरू नका, फाइलमधून भरली की तीही परत येते. उलट पुढच्या वर्षाची तारीख दिसली म्हणून निश्चिंतही राहू नका. कुकीची तारीख ब्राउझरपुरती असते. सर्व्हरचं घड्याळ वेगळं. तुम्ही अर्धा तास गप्प बसलात म्हणून त्याने सेशन मोडलं, तर कुकी शाबूत असूनही दार बंदच.

या फाइलमध्ये काय येत नाही, तेही माहीत हवं. सेशन स्टोरेज (टॅब बंद होईपर्यंतच टिकणारी साठवण) येत नाही. इंडेक्स्ड-डीबी (ब्राउझरमधला छोटा डेटाबेस) प्लेराइटच्या नव्या आवृत्त्यांत येतं, पण वेगळा पर्याय देऊन मागावं लागतं. गूगलच्या फायरबेस सेवेवरून लॉगिन होणाऱ्या साइट टोकन (लॉगिन झाल्याची गुप्त खूण) सहसा तिथेच ठेवतात. त्यामुळे 'फाइल तर आहे, मग लॉगिन का नाही?' असा प्रश्न पडला की मी आधी डेव्हलपर टूल्समधलं ॲप्लिकेशनचं पान उघडते आणि टोकन नेमकं कुठे बसलंय ते शोधते.

कामाची स्क्रिप्ट सुरू झाली की पहिलं काम: सेशन जिवंत आहे का? लॉगिनशिवाय दिसणार नाही असं एखादं पान उघडा आणि त्यावरची ठरावीक खूण शोधा. नुसता 200 हा 'पान मिळालं' सांगणारा स्टेटस बघून समाधान मानू नका, लॉगिनचं पानही 200 च देतं. खूण नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबून तुम्हाला कळवायचं. पुढे रेटायचं नाही, आणि कॅप्चा सोडवण्याच्या उचापतीही करायच्या नाहीत. साइटच्या अटींत असं काम बसतं का आणि एपीआय (स्क्रिप्टसाठी साइटने दिलेला अधिकृत रस्ता) मिळतो का, हे तर मुळात सगळ्याच्या आधी बघायचं.

काम संपल्यावर स्टेट पुन्हा फाइलमध्ये लिहा. काही साइट दर वापराला टोकन बदलतात, जुनं बाद करतात. कालची फाइल मग आज चालत नाही. लिहिताना आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदला, म्हणजे मध्येच काही बंद पडलं तरी जुनी फाइल अर्धवट होत नाही. याच कारणाने एका खात्यावर दोन स्क्रिप्ट एकाच वेळी सोडू नका. एकीने टोकन बदललं की दुसरी बाहेर फेकली जाते, आणि निवडलेली भाषा, फिल्टर असल्या सर्व्हरवर राहणाऱ्या गोष्टींत दोघी एकमेकींच्या पायात येतात. खाती अनेक असतील तर प्रत्येकाला आपली फाइल, आपला काँटेक्स्ट.

काँटेक्स्ट उघडताना टाइमझोन आणि भाषा स्पष्ट सांगा. स्क्रिप्ट ज्या सर्व्हरवर चालते तो बहुधा यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेवर, असतो. रात्री काम लागलं की 'आजचा' अहवाल कालच्या तारखेचा उतरतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

एक्स्टेन्शन लागत असेल किंवा टिकून राहणारं प्रोफाइलच हवं असेल, तर पर्सिस्टंट काँटेक्स्ट वापरा, पण त्याला वेगळं फोल्डर द्या. रोजच्या वापरातलं क्रोम प्रोफाइल जोडू नका. क्रोम 136 पासून तर मूळ प्रोफाइलवर रिमोट डिबगिंगचा पोर्ट (बाहेरून ब्राउझर चालवायचं दार) उघडतच नाही, आणि ते योग्यच झालं. एका फोल्डरवर एका वेळी एकच ब्राउझर चालतो, हेही ध्यानात असू द्या.

सेशनची फाइल पासवर्डइतकीच जपा, खरं तर जास्तच, कारण ती ज्याच्या हाती लागेल त्याला सहसा ओटीपीही लागत नाही. कोड साठवणाऱ्या गिटच्या इग्नोर यादीत (त्यात न घालायच्या फाइलींच्या यादीत) तिचं नाव पहिल्याच दिवशी घाला आणि वाचायची परवानगी फक्त स्वतःला ठेवा. रोजच्या कामाच्या शेवटी स्क्रिप्टला लॉगआउट दाबायला लावू नका, त्याने सर्व्हरवरचं सेशन मरतं आणि फाइल कुचकामी होते. लॉगआउट करायचं ते काम कायमचं बंद करताना, आणि फाइल उडवायच्या आधी. नुसती फाइल उडवली तर सर्व्हरवर सेशन चालूच राहतं.