टाय रॉड मजबूत करताय? आधी या चुका टाळा

नदीपात्रातून वर आलेल्या जिप्सीचे पुढचे दोन्ही टायर डांबरी रस्त्यावर कुईं-कुईं करायला लागले, तर टाय रॉड (पुढची दोन चाकं एकमेकांना जोडणारा स्टिअरिंगचा आडवा दांडा) वाकला हे ओळखायला मेस्त्री लागत नाही. रॉड वाकला की त्याची लांबी घटते. तो ॲक्सलच्या पुढे असेल तर टायर आत वळतात, मागे असेल तर बाहेर फाकतात. मग मालक तावातावाने लेथवाल्याकडे जातो आणि ‘एकदम जाड करा’ म्हणतो. गडबड तिथूनच सुरू होते.

(हे सगळं पाट्यांवरच्या अखंड ॲक्सलच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे जिप्सी, एमएम ५४० वगैरे. २०१० च्या थार सीआरडीईला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिचं गणित वेगळं.)

भरीव सळई म्हणजे ताकद, हा समज. रॉड वाकतो की नाही हे मुख्यतः बाहेरच्या व्यासावर ठरतं. २२ मिमीची भरीव सळई आणि ३२ मिमी व्यासाचा, ५ मिमी जाडीचा सीमलेस पाइप यांचं वजन जवळपास सारखंच भरतं, पण पाइप साडेतीन पट ताठ असतो. शिवणीचा पाण्याचा पाइप मात्र नको.

जुन्या रॉडवर अर्धवट स्लीव्ह. मधल्या हातभर भागावर पाइप चढवून दोन टोकांना गोल टाके मारतात. रॉड नेमका त्या टाक्याच्या कडेला मोडतो, कारण ताठ भाग तिथे अचानक संपतो. स्लीव्ह घालायचीच तर चेक नटच्या (टोकाचा आटा जागेवर घट्ट धरणाऱ्या नटच्या) जवळपर्यंत न्या. खरं तर घालूच नका, नवा रॉड करा. आणि टाय रॉड एंड (रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट) जागेवर ठेवून वेल्डिंग करणाऱ्याला गाडीपासून लांब ठेवा. आतलं ग्रीस जळतं, बॉलची बैठक जाते आणि बाहेरून काही दिसत नाही.

रॉड जाड केला, बाकी जुनंच ठेवलं. ही चूक सगळ्यात महाग पडते. एका जिप्सीत ३२ मिमीचा रॉड बसवला होता. टायर दोन दगडांत अडकलेला असताना चालकाने स्टिअरिंग जोर लावून फिरवलं. रॉड जागचा हलला नाही. पुढे काही आठवड्यांनी स्टिअरिंगला प्ले (सैलपणा) आला. आधी दोन्ही एंड बदलले, मग दोनदा अलाइनमेंट केली, प्ले तसाच. शेवटी गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने स्टिअरिंग डावी-उजवी हलवली आणि दुसऱ्याने खाली वाकून पाहिलं. अख्खा स्टिअरिंग बॉक्सच हलत होता. त्याच्या बोल्टच्या भोकापासून चेसिसवर गंजाची तांबूस रेघ गेलेली, म्हणजे चेसिसला तडा. जुना रॉड असता तर तोच वाकला असता आणि नुकसान एका रॉडवर भागलं असतं.

तड्याच्या टोकाला ड्रिलने छोटं भोक पाडा, तडा व्ही आकारात घासून भरा, वरून प्लेट टाका. बोल्ट पोकळ चेसिसमधून आरपार जात असतील तर आत नळी बसवा, नाहीतर आवळताना चेसिस दबते. नवा रॉड घालायच्या आधी हीच जागा ब्रशने घासून बघायची सवय ठेवा. गाडी अडकली की स्टिअरिंग ताकदीने फिरवणाऱ्यांना तर कुठलाच रॉड पुरणार नाही.

आटे कमी आत. एंड दोन्ही बाजूंना सारखा आणि आट्याच्या व्यासाच्या किमान दीडपट आत हवा. १८ मिमीच्या आट्याला २७ मिमी. एका बाजूला उलटे आटे ठेवा, म्हणजे रॉड न सोडता टो (पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) जुळवता येतो.

स्प्लिट पिनसाठी कॅसल नट (एंडचा खाचांचा नट, ज्यातून ही पिन जाते) मागे सोडणे. भोक जुळत नसेल तर नट पुढेच आवळा. ढिला टेपर (एंडचा निमुळता दांडा) चाकाकडच्या स्टिअरिंग आर्मचं भोक लंबगोल करतो, मग नवा एंडही बसत नाही.

एंड काढायला काट्याचं हत्यार. रबर बूट फाटतो. आर्मच्या डोळ्याच्या (भोकाच्या) बाजूवर हातोडा मारा, टेपर सुटतो.

स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) टाकून थरथर झाकणे. झीज तशीच राहते.

लोंबती गार्ड प्लेट. लावायचीच असेल तर पाटे पूर्ण खाली लोंबवून आणि चाकं दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघा. चिखल निघायला वाट ठेवा. पावसाळ्यात तो साचतो, वाळतो आणि बूट खातो.

टो मोजताना गाडी थोडी पुढे ढकलून थांबवा. ॲक्सलच्या उंचीवर दोन्ही टायरांच्या मध्यरेषांमधलं अंतर पुढून आणि मागून घ्या. कंपनीचा आकडा नसेल तर पुढे २-३ मिमी कमी ठेवा. स्टिअरिंग सरळ करायचं ते त्यानंतर आणि ड्रॅग लिंकवर (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे येणाऱ्या दांड्यावर), टाय रॉडवर नव्हे.

काढलेला जुना रॉड सरळ असेल तर भंगारात देऊ नका. एंड लावून, लांबी जुळवून, चेक नटवर रंगाची खूण करून मागच्या सीटखाली बांधून ठेवा. सोबत चार स्प्लिट पिना.